हग्गादा कुठल्या कपाटात?

शिरूरच्या ग्रंथपाल-मेळाव्याच्या पत्रिकेत अध्यक्षीय भाषणाचा विषय ‘मराठी धर्मग्रंथांची सूची : एक आढावा’ असा छापला होता. आढावा पाच मिनिटांत आटोपला. अध्यक्षांनी स्वागताध्यक्षांचे आणि समस्त घोडनदीकरांचे आभार मानले, आपल्याहून योग्य माणसं समोर बसलेली असताना ही खुर्ची आपल्या वाट्याला आली असं रिवाजाप्रमाणे म्हटलं, लीळाचरित्रापासून बायबलच्या भाषांतरांपर्यंत एक धावती फेरी मारली आणि हातातले कागद पालथे घातले. पुढचा सगळा वेळ ते बेने इस्राएलांबद्दल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांबद्दल बोलले. हे बोलायचं त्यांनी बरीच वर्षं साठवून ठेवलं असावं.

गाऱ्हाणं एका पुस्तकाचं होतं. १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून वल्हांडण सणाची हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाली. मजकूर हिब्रू, सोबत मराठी भाषांतर, आणि चित्रात बायका साड्या नेसून सणाच्या बेखमीर भाकऱ्या करताहेत. अध्यक्षांची उमेदवारी ज्या ग्रंथालयात गेली (नाव त्यांनी घेतलं नाही) तिथे या पुस्तकाचं कार्ड ‘ख्रिस्ती धर्म’ या खणात होतं, पोटविभाग ‘जुना करार’. त्यांनी हरकत घेतली. वरिष्ठ म्हणाले, मोशेची गोष्ट आहे ना, मग तिथेच राहू द्या. अध्यक्ष स्वतः निवृत्त झाले तेव्हाही कार्ड त्याच खणात होतं.

‘मोशेची गोष्ट!’ अध्यक्षांचा आवाज इथे चढला. हग्गादेत मोशेचं नाव जेमतेम येतं, तेही एका अवतरणाच्या ओघात. बोलतात ते रब्बी, म्हणजे यहुदी शास्त्री. एलिएझर, यहोशुआ, एलाझार बेन अझार्या, अकीवा आणि तार्फोन हे पाच जण बने ब्राक गावी मिसरातून सुटकेची कथा सांगत रात्रभर बसतात. शेवटी शिष्य येऊन सांगतात की गुरुजनहो, सकाळच्या शमा प्रार्थनेची वेळ झाली. वल्हांडणाचं कोकरू, बेखमीर भाकर आणि कडू भाजी या तिघांचा अर्थ सांगितल्याशिवाय सण पुरा होत नाही, हा दंडक रब्बान गमलिएल यांचा. सणाच्या रात्रीच्या विधीचा सांगाडा मिश्ना या रब्बींच्या ग्रंथातल्या पसाहीम प्रकरणाच्या दहाव्या अध्यायात आहे. यातलं काही जुन्या करारात शोधून सापडायचं नाही. आणि हे सगळं १८७४ सालच्या या मराठी भाषांतरात होतं.

मग ते त्या खणात गेलं कसं? अध्यक्षांच्या मते दोष मराठी वाचकाला यहुदी धर्म ज्या दाराने भेटला त्या दाराचा. ते दार मिशनऱ्यांचं. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं तर शिरूरलाही होतं. या मंडळींना तोरा, म्हणजे मोशेचे ग्रंथ, हवी होती, संदेष्टे हवे होते, कारण तिथून वाट नव्या कराराकडे जाते. रब्बींचं वाङ्मय त्यांच्या लेखी मधली अडगळ. मराठीने ती नजर जशीच्या तशी उचलली, आणि यहुदी म्हणजे जुना करार एवढं समीकरण आपल्या डोक्यात बसलं. (इथे अध्यक्ष जरा जास्तच बोलले. विल्सनच्या व्याकरणामुळे बेने इस्राएलांच्या हाती हिब्रू आली आणि धर्मांतर करणारे त्यांच्यात थोडेच निघाले, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही.)

यहुद्यांचं स्वतःचं म्हणणं असं की मोशेला सिनाय पर्वतावर दोन तोरा मिळाल्या, एक लिहिलेली आणि एक तोंडी. तोंडी तोरेची परंपरा इसवी सन २००च्या सुमारास रब्बी यहुदा हानासी यांनी मिश्नात बांधली. तिचे विभाग सहा, प्रकरणं ६३. तिच्यावर बाबिलोनमध्ये पुढची तीन शतकं खल चालला, तो तालमूद. व्हिल्नाच्या छापील आवृत्तीत त्याची २,७११ दुपाठी पानं भरतात. पुढे योसेफ कारो यांनी रोजच्या आचाराचे निर्णय ‘शुल्हान आरुख’मध्ये आणले, तो १५६५ साली व्हेनिसला छापला गेला. आपल्याकडे एकादशी आज की उद्या हे कुणी ऋग्वेद उघडून ठरवत नाही, १७९०च्या सुमाराचा काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा धर्मसिंधू काढतो. तसंच हे आहे, असं सांगून अध्यक्षांनी पाणी मागवलं.

सकाळच्या सत्रात एका निबंधकाराने मांडलं होतं की मूळ ग्रंथ तो धर्मग्रंथ, बाकीची टीका. सूचीत टीका दुय्यम खणात जावी. त्यावर दोन वक्त्यांत बरीच खडाजंगीही झाली होती. अध्यक्षांनी त्या वादाचा निकाल दौंडच्या एका स्वयंपाकघरात लावला.

नोकरीच्या सुरुवातीला ते जुनी पुस्तकं गोळा करत हिंडायचे. दौंडला रेल्वेतल्या एका बेने इस्राएल कुटुंबाकडे पेटीभर पुस्तकं होती. जेवायला थांबवलं. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध होतं. नव्या अभ्यासाच्या भरात ते घरच्या आजींना म्हणाले, तुमच्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही ना? आजी म्हणाल्या, ‘अहो भाऊ, म्हणून तर नारळ.’ यांनी विद्वत्ता पुढे रेटली : पण आजी, पोथीत तर करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, एवढंच आहे, तीनदा आहे, पण एवढंच. आजींनी वाढता वाढता उत्तर दिलं, ‘तेवढंच असतं तर कोंबडीला काय अडचण होती? कोंबडीच्या आईला कुठे दूध असतं? तरी आम्ही कोंबडीत दही घालत नाही.’

पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी मिश्नाचं हुल्लीन प्रकरण वाचलं. आठव्या अध्यायात रब्बी योसे हागलिली हाच मुद्दा मांडतात : पक्ष्याला आईचं दूध नसतं, म्हणून तो या मनाईतून वगळावा. बहुमताने ते मान्य केलं नाही आणि कोंबडी मनाईत राहिली. आजींनी तालमूद पाहिलाही नव्हता. युक्तिवाद त्यांचा योसेचा होता आणि चूल बहुमताची. शुल्हान आरुखवरच्या मोशे इस्सेर्लिस यांच्या टिपणात मांसात बदामाचं दूध घातलं तर पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी बदाम ठेवावेत, असं आहे. कोकणात नारळ कुणाला दाखवावा लागत नाही, असं म्हणून अध्यक्ष स्वतःच हसले. मग निबंधकाराकडे वळून म्हणाले, ‘आता सांगा, यातलं दुय्यम काय?’ निबंधकार काही बोलले नाहीत.

सभागृहातून एका तरुण प्राध्यापिकेने मात्र नेमकी अडचण काढली. बेने इस्राएलांकडे तालमूद नव्हताच ना? मैमोनिदिस या यहुदी पंडिताने बाराव्या शतकाच्या अखेरीस एका पत्रात लिहिलं आहे की हिंदुस्थानातले यहुदी शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता, एवढंच पाळतात. हनुक्का हा बायबलनंतरचा सण त्यांना माहीत नव्हता. मग रब्बींशी त्यांचा संबंध काय?

आक्षेप खरा होता आणि अध्यक्षांनी तो उडवून लावला नाही. पण ते हटलेही नाहीत. पोथी नव्हती हे कबूल. लिहिलेली तोराही नव्हतीच. समाजाची आठवण अशी की दाविद राहबी नावाचा यहुदी शिक्षक बाहेरून आला तेव्हा त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, आणि त्यांनी पर-खवले नसलेले, म्हणजे निषिद्ध, मासे बाजूला काढले. त्याने मग झिराटकर, राजपूरकर आणि शापूरकर या घरांतल्या माणसांना शिकवून काजी केलं. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. नव्याचा सण, दारफळण्याचा सण ही नावं त्यांनी मराठीतच पाडली. पुढे कोचीनहून शिकवणारे आले, प्रार्थना नीट बसल्या, आणि १८४६ साली मुंबईत मराठी हग्गादा निघाली. ज्या समाजाला रब्बींचे ग्रंथ उशिरा मिळाले, त्याने आधी मराठीत आणले ते हेच, ही गोष्ट प्राध्यापिकाबाईंनी आपल्या प्रबंधात घ्यावी.

ग्रंथ उशिरा मिळण्याची किंमतही त्यांनी मोजली. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या वंशाची जमेल तितकी मागची चौकशी करावी. शंका काय, तर पूर्वीच्या पिढ्यांत घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का. तोरेत घटस्फोटाच्या पत्राबद्दल ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात चार ओळी आहेत. तालमुदात त्यावर गित्तीन हे अख्खं प्रकरण, नव्वदीच्या घरात पानांचं. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेमला धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे फर्मानातून त्यांचं नाव गेलं. ‘आणि आपण? आपल्या खणातून हा वाद कुणाला कळला असता? जुना करार शंभरदा वाचा, त्यात गित्तीन नाही.’

वेळ संपत आल्याची चिठ्ठी दोनदा आली. अध्यक्षांनी मग कामं सांगितली, तीही घाईत. सूचीत ‘रब्बी वाङ्मय’ असा स्वतंत्र विभाग हवा. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रूतून केलेली भाषांतरं एकत्र नोंदवावीत. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी १८९७ साली लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास तेल अवीवला १९३७ साली छापला गेला, त्याच्या प्रती कुठे कुठे आहेत ते पाहावं. यहुदी कीर्तनांची आख्यानं, ‘मायबोली’चे इस्राएलमधून निघालेले अंक, घरोघरीच्या पेट्या, हेही. मिश्नाचं एखादं प्रकरण थेट हिब्रूतून मराठीत कुणीतरी करावं. कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या रांगेतून पैशांचं विचारणं झालं. ते म्हणाले, समिती नेमू. समितीत कोण, असं विचारल्यावर म्हणाले, ते दौंडच्या बैठकीत ठरवू. बैठकीची तारीख स्वागताध्यक्षांनी कळवायची आहे.