पाट, खुर्ची आणि जुनेर



शारीरिक शिक्षक व योगशिक्षकांपुढे बोलताना अध्यक्षाने विषयाची थोरवी गावी असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो मोडतो. योगाची थोरवी गाणारे गावोगावी आहेत. गुडघ्यावर हात टेकून ‘आई गं’ म्हणत उठणारे त्यांच्याहून जास्त आहेत. मी या दुसऱ्या मंडळींबद्दल बोलणार आहे.

त्यांच्यासाठी योग हा सांध्यांना धक्का न देणारा व्यायाम आहे; तो आज ज्या रूपात शिकवला जातो, त्याची घडी बरीचशी महाराष्ट्रात बसली. ती बसवणाऱ्यांपैकी एक जण तर थेट तालमीतून आलेला. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. बडोद्यात प्रा. माणिकरावांकडे कडक शरीरसाधना, मग अमळनेरला शिक्षकी, मग मालसरच्या माधवदास महाराजांकडे योगाचं शिक्षण. इथवरची कथा आपल्या ओळखीची आहे. पुढे मात्र या गृहस्थाने उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना आत नेमकं काय होतं, ते क्ष-किरणाखाली आणि दाबमापक लावून तपासलं. पोटातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्याला मोजून दिसलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ त्रैमासिक निघालं. हेच स्वामी कुवलयानंद. गुरूवर श्रद्धा ठेवूनही गुरूने दिलेली क्रिया यंत्राला जोडून पाहायची, हे धाडस मला त्यांच्या इतर कोणत्याही गुणापेक्षा मोठं वाटतं.

दुसरे बी. के. एस. अय्यंगार. कर्नाटकातल्या बेळ्ळूरचे, १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेले. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय, काही म्हणून चुकलं नाही. १९३७ साली काही महिन्यांसाठी पुण्याला शिकवायला आले आणि जन्मभर पुण्याचेच झाले. त्यांची आसनांची छायाचित्रं आपण सर्वांनी पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या छायाचित्रांनी आपलं थोडं नुकसानही केलं आहे. आपण विद्यार्थ्याला फोटोसारखा वाकवायला बघतो. पुण्यात १९७५ साली उघडलेल्या त्यांच्या संस्थेत लाकडी विटा, पट्टे, लोड, खुर्च्या, भिंतीतले दोर कशासाठी आहेत, हे आपण विचारत नाही. हात जमिनीला पोचत नसेल तर हाताखाली वीट द्यायची. पाठीला आधार द्यायचा, म्हणजे कण्हत-कुथत दहा सेकंद टिकणारं आसन पाच मिनिटं शांतपणे टिकतं. आजारी, म्हातारा, गरोदर बाई, सगळ्यांना आसन खुलं झालं ते या सामानामुळे.

आता आपल्या भागाकडे येतो. उमरगा, लोहारा, मुरूम या पट्ट्यात ‘व्यायाम करा’ म्हटलं की एखादी मावशी हमखास सुनावते, “सर, दिवसभर वाकूनच असतो की आम्ही, अजून कुठं वाकायला लावता?” तिचं बरोबर आहे. खुरपणीत तासन्‌तास उकिडवं बसणं, सोयाबीन काढताना कमरेत वाकणं, या कष्टात शरीर एकाच बाजूला राबतं आणि उलट बाजूला कधी उघडत नाही. तिला आणखी पुढे वाकवणं हा अडाणीपणा आहे. तिला खुर्चीवर बसवून भारद्वाजासनाचा हलका पीळ द्या. पाठीवर निजवून, जुनेराची घडी तळव्याला अडकवून एक पाय वर घ्यायला सांगा. सुप्त पादांगुष्ठासनात मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि कंबर जमिनीच्या आधाराने सुरक्षित राहते. वज्रासन जमत नसेल तर पोटरी आणि मांडीच्या मध्ये चादरीची गुंडाळी ठेवा, नाहीतर ते सोडूनच द्या. भिंतीला पाठ लावून केलेल्या वीरभद्रासनाने मांडीचे स्नायू बळावतात, आणि सपाट जमिनीवर चालतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, तो सांभाळायला हेच स्नायू लागतात. विटेऐवजी पाट चालतो. लोडाऐवजी गुंडाळलेली वाकळ.

आपल्या भागाला हादरवणाऱ्या ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात जी माणसं पंचविशी-तिशीत होती, ती आता साठीच्या आसपास आहेत. त्यांतल्या कुणाचं जुनं हाड मोडलेलं असेल, तर ते आधी विचारून घ्या, वर्ग त्यानंतर.

आणि खोटी आश्वासनं देऊ नका. झिजलेली कूर्चा आसनाने पुन्हा उगवत नाही. वेदना कमी होतात, तोल सुधारतो, श्वास मोकळा होतो, एवढं पुरेसं आहे. हाडांना बळकटीसाठी भार लागतो, म्हणून निजून करायच्या आसनांबरोबर चालणंही सांगा. वाढलेल्या रक्तदाबाला आणि काचबिंदूला शीर्षासन नको, मग समोरचा कितीही हौशी असो.

२१ जूनला, योग दिनी, आपण मैदानावर रांगा लावतो, भोंग्यावर सूचना देतो, फोटो काढतो. हरकत नाही, मुलांना मजा येते. पण त्या रांगेत गुडघेदुखीचा माणूस मागच्या मागे निघून जातो आणि आपल्याला कळतही नाही. प्रत्येक गावच्या शाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी, दहा जणांपुरता, खुर्चीवरचा वर्ग सुरू व्हावा, असा ठराव मी मांडणार आहे. त्याला अनुदान लागत नाही. खुर्च्या शाळेत आहेतच.

दुपारच्या सत्रात प्रात्यक्षिक आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पुढच्या रांगेत बसावं, लाजू नये. बसताना हाताशी एक टॉवेल असू द्या.