वहीतला डावा रकाना
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात सोसायटीतील एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे वेळ आणि पैसा या दोन गोष्टी मी मोजूनच वापरतो, तेव्हा काळजी नसावी. विषय मात्र त्यांनी माझ्यावर सोपवला. सोसायटीचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितला, हिशेब खजिनदारांनी मांडला. मी म्हटलं, आपण घरातल्या बारीकसारीक कामांबद्दल बोलावं. खिळा ठोकणे, कडी बसवणे, कपाट दुरुस्त करणे, असल्या गोष्टी. हसू नका. मला जे सांगायचं आहे ते या असल्या कामांतूनच सांगता येईल.

ही वही बघा. २००१ साली बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तिच्यात मीही बाहेर पडलो. बावन्नाव्या वर्षी माणूस दिवसभर घरी! आठ दिवसांत आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही काहीतरी करा, नाहीतर मला नोकरी शोधावी लागेल." तेव्हा ही वही केली. बँकेच्या सवयीनं पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडे घरात काय अडतंय ते लिहायचं, काम झालं की उजवीकडे तारीख, खर्च आणि फरक काय पडला ते लिहायचं. चोवीस वर्षांत अशी साधारण दोनशे कामं झाली.

पण ही गोष्ट त्याच्याही आधीची आहे. आज आपण ज्या जागेवर बसलो आहोत, तिथे वाडा होता हे जुन्या मंडळींना माहीत आहेच. लहान मुलांसाठी सांगतो. मधे चौक, चौकात एक नळ, त्याच्यापुढे सकाळी बादल्यांची रांग. आमच्याकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत मोरी, चूल, देव आणि फडताळ, दुसऱ्या खोलीत बाकी सगळं आयुष्य. पाणी तापवायला तांब्याचा बंब. घरात आम्ही सहा माणसं होतो, आणि जागा कमी पडते असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. पाहुणे आले की आम्ही भावंडं चौकात अंथरूण टाकायचो.

१२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेत फुटलं. मी बारा वर्षांचा. नदीपासून आपण किती जवळ आहोत ते तोपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. अण्णांनी आम्हाला अंगावरच्या कपड्यांनिशी सदाशिव पेठेत वरच्या अंगाला, मावशीकडे नेलं. परत आलो तेव्हा खोलीत गुडघाभर चिखल आणि भिंतीवर आढ्याखाली वीतभर अंतरावर पाण्याची रेघ. खडकवासल्याचं धरणही गेल्यामुळे नळाला पाणी नाही, दिवे नाहीत. घमेली भरभरून चिखल काढायचा, एवढाच उद्योग. आई एका शब्दानं रडली नाही, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार होईना.

फडताळाची सागवानी दारं फुगून अडकून बसली होती. अण्णा कचेरीत कारकून, सुतारकामाशी संबंध नाही. त्यांनी कुठूनतरी रंधा मागून आणला. दोन संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात ते दारं तासत होते आणि मी दार धरून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी दार लागलं. नीट, 'टक्' आवाज करून लागलं. आईनं तो आवाज ऐकला, आत आली, फडताळ पुसलं आणि मावशीनं दिलेली चार भांडी त्यात मांडली. त्या दिवशी आमचं घर परत सुरू झालं. बाहेर सगळं शहर उलटंपालटं झालेलं असताना दोन दारं नीट लागण्यानं एवढा फरक कसा पडतो, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ज्याच्यावर आपला काही इलाज नाही अशा गोष्टी खूप असतात. ज्याच्यावर इलाज आहे असं एक काम पुरं झालं, की माणसाला बाकीच्यांसाठी बळ येतं.

पुढे वाडा थकला. भाडं बारा रुपये, त्यात मालक तरी दुरुस्ती कशी करणार? १९९७ मध्ये वाडा उतरवला. अडीच वर्षं आम्ही कोथरूडला भाड्यानं राहिलो आणि १९९९ च्या दसऱ्याला इथे आलो. पुढच्या वर्षी सोसायटी रजिस्टर झाली. वाडा पाडताना मी ती फडताळाची दोन दारं मागून घेतली होती. नव्या घरात ती पलंगाखाली पडून होती. निवृत्तीनंतरचं वहीतलं पहिलं काम तेच. आधी : 'दारं धूळ खात पडली आहेत.' नंतर : 'पुस्तकांचं कपाट झालं. रंधा, पॉलिश पेपर, बिजागऱ्या धरून रुपये ६४०.' आई त्या कपाटासमोर बसून पोथी वाचायची.

दुसरं काम आमच्या हिचं. नव्या घराचा ग्रॅनाइटचा ओटा आम्हा सगळ्यांना फार आवडला होता. ही उंचीनं कमी. दीड-दोन वर्षं ती पाटावर उभी राहून पोळ्या लाटत होती आणि मी रोज त्या गरम पोळ्या खाऊन बँकेत जात होतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाचं घर, धंदा, जामीनदार सगळं मी पाहायचो, पण स्वतःच्या स्वयंपाकघरातला पाट मला दिसला नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा दिसला. विचारलं तर म्हणाली, "खांदा दुखतो रोज. त्यात सांगायचं काय?" टिंबर मार्केटमधून लाकूड आणलं, ओट्यापेक्षा पाच इंच कमी उंचीचं टेबल केलं. पहिलं डगमगलं, दुसरं जमलं. खर्च रुपये १,१५०. उजव्या रकान्यात मी लिहिलंय, 'पाट परत देवासमोर गेला.'

आता ज्या पानासाठी ही वही इथे आणली, त्या पानाकडे येतो.

जानेवारी २००६. डावा रकाना : 'बाथरूममध्ये आईला धरायला काही नाही. हँडल लावणे.' आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. चालती-फिरती होती, पण उठताना नळ धरायची. नळ म्हणजे काही आधार नव्हे. मी त्याच आठवड्यात बोहरी आळीत जाऊन स्टीलचं हँडल आणलं. एकशे ऐंशी रुपये. आणून कपाटाच्या खणात ठेवलं. मग काय झालं? काही झालं नाही. ड्रिल मशीन मागून आणायचं होतं. टाइल फुटेल अशी भीती होती. प्लंबर म्हणाला, येतो आणि आला नाही. मग लग्नसराई आली, मग पाऊस आला. खण उघडला की कागदात गुंडाळलेलं ते हँडल दिसायचं आणि मी म्हणायचो, या रविवारी नक्की.

ऑगस्टमध्ये एका सकाळी आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते चांगलंच झालं, पण त्यानंतर ती आधाराशिवाय कधी उभी राहिली नाही. चौदा महिन्यांनी गेली. ती हँडल नसल्यामुळे गेली असं मी म्हणत नाही, वयही होतं. पण नळ हातातून निसटला, हे तिनं मला स्वतः सांगितलं होतं.

ती दवाखान्यात असतानाच मी ते हँडल लावलं. शेजारच्यांचं ड्रिल घेतलं. टाइल फुटली नाही. वहीत उजव्या रकान्यात तारीख आहे आणि पुढे फक्त दोन शब्द आहेत, 'चाळीस मिनिटं.' सात महिने जे काम राहिलं, त्याला लागली चाळीस मिनिटं.

आई घरी आली, तिला खुर्चीवरून बाथरूमपाशी नेलं, तेव्हा तिनं ते पाहिलं. मला वाटलं काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "छान बसवलंयस रे. हलत नाही ना? मग ठीक. तुम्हालाही लागेल पुढे."

ही गोष्ट मी एकोणीस वर्षांत घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतोय, कारण पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा आपल्यातले बहुतेक जण पन्नाशीच्या आतबाहेर होते. म्हणजे आज कुठे आहोत, याचा हिशेब तुम्हीच करा. बिल्डिंगला रंग देऊन झाला, लिफ्ट बदलून झाली. आता माणसांकडे बघायला हवं.

तेव्हापासून आपल्या सोळा घरांपैकी अकरा घरांत मी हँडल लावली आहेत. त्यातून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. टॉवेलचा दांडा म्हणजे हँडल नव्हे. तो वजन घेत नाही. रबरी वाट्यांनी टाइलला चिकटणारी हँडल येतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. ती न सांगता सुटतात. स्टीलचं, मुठीत नीट मावेल असं हँडल घ्या, स्क्रूही स्टीलचेच घ्या. साधे स्क्रू ओलीनं गंजतात. उंची जमिनीपासून साधारण पावणेतीन फूट, पण ज्याच्यासाठी लावायचं त्या माणसाला तिथे उभं करा, बसवा, आणि त्याचा हात आपसूक जिथे जातो तिथे पेन्सिलीनं खूण करा. टाइलवर कागदी टेप चिकटवून ड्रिल सुरुवातीला हळू चालवा, ठोका न देता. टाइलच्या आरपार गेल्यावर मग जोर. टाइल वाजवून पाहा, पोकळ आवाज आला तर जागा बदला. भिंत चार इंची असेल आणि स्क्रू पकड घेत नसेल, तर पलीकडून पट्टी देऊन आरपार बोल्ट घाला. लावून झाल्यावर आधी स्वतः सगळं वजन टाकून लटकून बघा. मी बघतो, म्हणून तुम्हीही बघा.

हँडलशिवाय आणखी दोन गोष्टी. बाथरूमच्या उंबऱ्यावर ठळक रंगाची पट्टी मारा, म्हणजे पायरी डोळ्याला दिसते. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री एक बारीक दिवा चालू ठेवा. विजेचं बिल किती येतं ते मी मोजलंय, चहाच्या कपापेक्षा कमी.

आपल्या जिन्याचंही आठवा. जिन्याला एकाच बाजूला कठडा होता. ज्याचा डावा हात अधू त्याला उतरताना आधारच नाही. दुसऱ्या बाजूला दांडा लावायचा विषय दोन वार्षिक सभांमध्ये पुढे ढकलला गेला. काहींनी खर्चाचा मुद्दा काढला, काहींनी विचारलं की लिफ्ट असताना कशाला. मीही एकदा गप्प बसलो होतो, हे कबूल करतो. शेवटी लिफ्ट बंद पडलेल्या एका दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकू भिंतीला हात टेकत टेकत खाली आल्या आणि पुढच्या रविवारी ठराव झाला. आज तरुण मुलंसुद्धा तोच दांडा धरून उतरतात. आणि पार्किंगमध्ये मुलं ज्या बाकावर बसून मोबाइल बघतात ना, तो वाड्याच्या दाराच्या चौकटीचा आहे. मुलांनो, त्याच्यावर पानशेतचं पाणी गेलेलं आहे, आणि तुमचं शीतपेयही बऱ्याचदा सांडलेलं आहे. त्याला दोन्हीनं काही झालेलं नाही.

आता शेवटचं. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी वॉकर बाहेर ठेवून बाथरूममध्ये पाऊल टाकलं आणि हात आपसूक भिंतीकडे गेला. हँडल तिथेच होतं. अठरा वर्षांचं, थोडं निस्तेज झालेलं, पण हललं नाही. आई म्हणाली होती तसंच झालं. मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. आमची ही बाहेरून हाका मारत होती, "अहो, पडलात का?" मी म्हटलं, "नाही गं. उभा आहे."

तर मंडळी, माझी विनंती एवढीच. आज घरी गेल्यावर एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त एक काम लिहा, जे राहिलंय हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या पाच घरांत हँडल लावायची आहेत, त्यांनी मला नुसतं सांगा. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी ड्रिल घेऊन येईन. आता मला स्टुलावर चढू देत नाहीत, तेव्हा चढायला माझा नातू असेल. दार धरून बसायचं काम मी करीन. त्याचा मला बारा वर्षांचा असल्यापासून अनुभव आहे.

चहाची सोय ज्याच्या त्याच्या घरी. सेक्रेटरीसाहेब, चार मिनिटं जास्त झाली, ती माझ्या नावे टाका.