पोलिसांवरील हल्ले आणि समाजाचे कर्तव्य

(पोलीस स्मृतिदिनाच्या निमित्ताने इंदूर येथील मराठी भाषिक नागरिक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा पाठ)

२१ ऑक्टोबर हा दिवस आपल्या देशात पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात आपले दहा पोलीस धारातीर्थी पडले. त्यांचे स्मरण करताना सीमेवर लढणारा पोलीस आपल्या डोळ्यांसमोर सहज उभा राहतो आणि आपले मस्तक नम्र होते. परंतु आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोलिसावर आपल्याच गावातील माणसे जेव्हा दगड उचलतात, तेव्हा आपण काय करतो? आज या प्रश्नाचा विचार आपण एकत्र करावा, अशी माझी इच्छा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या या इंदूर नगरीने ते एकाच महिन्यात अनेक रूपांनी अनुभवले आहे.

टाळ्या आणि दगड

२२ मार्च २०२० चा दिवस आपणांस आठवत असेल. कोरोनाच्या साथीशी झुंजणारे डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार आणि पोलीस यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी त्या सायंकाळी पाच वाजता घरोघरी टाळ्या व थाळ्या वाजल्या. राजवाड्यापाशी तर लोक उत्साहाच्या भरात रस्त्यावरच उतरले. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १ एप्रिल रोजी, टाटपट्टी बाखल या दाट वस्तीत संसर्गाचा शोध घेण्यासाठी गेलेल्या आरोग्य पथकावर जमावाने दगडफेक केली. दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या. पोलिसांनी पथकाला तेथून सुरक्षित बाहेर काढले. पुढे ७ एप्रिल रोजी चंदननगर भागात बंदोबस्तावरील पोलिसांवरच दगड फेकण्यात आले. एकटा शिपाई पुढे धावतो आहे आणि मागून दगड येत आहेत, हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले.

हे कसे घडले? टाळ्या वाजविणारे शहर आणि दगड मारणारे शहर ही दोन निराळी शहरे नव्हती. दरम्यानच्या दहा दिवसांत टाळेबंदी आली, रोजगार थांबला, घरातील माणसे विलगीकरणासाठी नेली जाऊ लागली आणि अफवा पसरल्या. निरोगी माणसाला पकडून नेतात आणि सुई टोचून त्याला आजारी पाडतात, असे एकाने दुसऱ्याला सांगितले व दुसऱ्याने तिसऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पाठविले. भीतीला अफवेची जोड मिळाली आणि मदतीला आलेला माणूसच शत्रू भासू लागला.

हे केवळ इंदुरातच घडले असे समजण्याचे कारण नाही. त्याच महिन्यात, १६ एप्रिलच्या रात्री, महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेने जमाव जमला आणि दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली. तेथे पोहोचलेल्या पोलिसांवरही हल्ला झाला. पुढे कर्तव्यात कसूर केल्याबद्दल काही पोलिसांवर कारवाईही झाली. अफवा ही जात पाहत नाही, धर्म पाहत नाही आणि राज्याची सीमाही पाहत नाही.

तीन प्रकारच्या प्रतिक्रिया

अशा घटनेनंतर समाजात साधारणपणे तीन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली संतापाची. ती स्वाभाविक आहे, परंतु ती फार लवकर वाट चुकते. दगड मारणारे हात मोजके असतात. संताप मात्र संपूर्ण वस्तीवर, संपूर्ण समाजावर उलटतो. इंदूरमध्येही असा सूर उमटला. पण जखमी झालेल्या त्या दोन डॉक्टर भगिनी दोन भिन्न समाजांतील होत्या, ही गोष्ट संतापलेल्यांच्या ध्यानात राहिली नाही. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा हा व्यक्तीचा असतो, वस्तीचा नसतो.

दुसरी प्रतिक्रिया मौनाची. 'पोलीस काय कमी मारतात? मिळाला एकदा प्रसाद' असे उघडपणे नव्हे, पण ओट्यावर बसून बोलणारे लोक प्रत्येक गावात असतात. ते स्वतः दगड उचलत नाहीत, मात्र दगड उचलणाऱ्याला त्यांच्या बोलण्याने बळ येते.

तिसरी प्रतिक्रिया जबाबदारीची, आणि तीही याच शहराने पाहिली. दगड खाल्लेल्या डॉक्टर दुसऱ्याच दिवशी त्याच वस्तीत पुन्हा कामावर हजर झाल्या. काही दिवसांतच इंदूरमधील मुस्लिम समाजाच्या वतीने वृत्तपत्रात क्षमायाचनेची जाहिरात प्रसिद्ध झाली. पुढे त्याच टाटपट्टी बाखलमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांवर फुले उधळली गेली. मला ही जाहिरात फार मोलाची वाटते. दुसऱ्याच्या माणसाने केलेल्या अपराधाचा निषेध करण्यास फारसे धैर्य लागत नाही. आपल्या माणसाने केलेल्या अपराधाबद्दल आपण काय बोलतो, यावरच समाजाची खरी परीक्षा होते.

१९ एप्रिल २०२० रोजी जुनी इंदूर पोलीस ठाण्याचे प्रभारी निरीक्षक देवेंद्र चंद्रवंशी यांचे कोरोनावर उपचार चालू असताना निधन झाले. त्यांचे वय पंचेचाळीस होते. दोनच दिवसांनी उज्जैनच्या नीलगंगा ठाण्याचे प्रभारी यशवंत पाल यांनीही याच शहरात अखेरचा श्वास घेतला. टाळ्या, दगड आणि अश्रू हे सारे या नगरीने एका महिन्याच्या आत पाहिले. ज्या खाकी वर्दीवर दगड आले, तिच्या आतही घरी वाट पाहणारी मुलेबाळे असलेला माणूसच होता, हे अनेकांना त्या दिवशी प्रथमच जाणवले असेल.

तक्रार असू शकते

परंतु केवळ पोलिसांची स्तुती करून हा विषय संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये याच इंदुरात, मुखपट्टी नीट न लावल्याच्या कारणावरून दोन शिपायांनी भर रस्त्यात एका रिक्षाचालकाला निर्दयपणे मारहाण केली. त्याचेही चित्रण साऱ्या देशाने पाहिले. त्या दोघांना निलंबित करण्यात आले. मघाशी मी म्हटले की, आपल्या माणसाच्या अपराधाबद्दल आपण काय बोलतो ही खरी परीक्षा आहे. ही परीक्षा जशी वस्तीची आहे, तशीच पोलीस खात्याचीही आहे. खात्याने आपल्या चुकलेल्या माणसाला पाठीशी घातले, तर वस्तीने आपल्या चुकलेल्या मुलाला पुढे आणून द्यावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

पोलिसांच्याही अडचणी आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात, असे आढळले. थकलेल्या माणसाचा तोल लवकर सुटतो. मात्र थकवा हे मारहाणीचे स्पष्टीकरण होऊ शकेल. समर्थन होऊ शकत नाही.

नागरिकाला तक्रारीचे मार्ग कायद्याने दिलेले आहेत. ठाण्यात खबर नोंदवून घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठविता येते आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे सांगणे, त्याच्या नातलगास कळविणे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. राज्य मानवी हक्क आयोगाचे दार सर्वांना खुले आहे. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला. हे मार्ग लांबचे आहेत, कधी कधी ते दमवितात, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याने दगड उचलला त्याची न्याय्य तक्रारही त्या दगडाखाली गाडली जाते. काल तो फिर्यादी असतो, आज आरोपी होतो. सरकारी नोकरास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी दुखापत करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२१ अन्वये पाच वर्षांपर्यंत आणि जबर दुखापत केल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. जमावात मागे उभ्या राहिलेल्या तरुणाच्या नोकरीच्या व शिक्षणाच्या वाटा त्या एका क्षणात बंद होतात. भडकविणारा मात्र बहुधा घरी सुखरूप असतो.

चौरीचौऱ्याचा धडा

या बाबतीत एक जुने उदाहरण सांगतो. ४ फेब्रुवारी १९२२ रोजी गोरखपूर जिल्ह्यातील चौरीचौरा येथे संतप्त जमावाने पोलीस ठाणे पेटविले आणि बावीस पोलीस मृत्युमुखी पडले. लोकांची पोलिसांविरुद्ध तक्रार नव्हती काय? होती. आधी स्वयंसेवकांना मारहाण झाली होती, त्या दिवशी गोळीबारही झाला होता. पोलीस परकीय सरकारचे होते. असे असतानाही महात्मा गांधींनी पाच दिवस उपवास केला आणि देशभर रंगात आलेले असहकाराचे आंदोलन थांबविले. अनेक सहकाऱ्यांना हा निर्णय पटला नाही. तथापि आपल्या बाजूच्या माणसांनी केलेल्या हत्येला त्यांनी क्षणभरही आपली म्हणून आश्रय दिला नाही.

या कथेचा उत्तरार्धही तितकाच महत्त्वाचा आहे. सत्र न्यायालयाने १७२ जणांना फाशी सुनावली. तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय उच्च न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभे राहिले आणि बहुतेकांचे प्राण वाचले. १९ जणांना फाशी झाली. हत्येचा निषेध करणे आणि आरोपीला न्याय्य सुनावणी मिळवून देणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. आज चौरीचौऱ्यास मृत पोलिसांचेही स्मारक आहे आणि फाशी गेलेल्यांचेही आहे.

अलीकडचे उदाहरण परदेशातील आहे. ७ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात पोलिसांच्या गोळीबारांविरुद्ध शांततेने मोर्चा निघाला असता, त्याच मोर्च्याच्या बंदोबस्तावरील पाच पोलिसांना एका माथेफिरूने गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस मुख्यालयासमोर उभ्या केलेल्या गस्तीच्या गाड्या नागरिकांनी वाहिलेल्या फुलांनी झाकून गेल्या. तेथील पोलीसप्रमुखांनी मोर्चेकऱ्यांना दूषणे दिली नाहीत. उलट, तुम्हीच पोलीस दलात भरती व्हा आणि बदल घडवा, असे आवाहन केले.

भिवंडीने काय शिकविले

विश्वास हा घटनेनंतर नव्हे, घटनेपूर्वी निर्माण करावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत १९७० व १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागाचे पोलीस कर्मचारी नियमितपणे एकत्र बसू लागले. नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंतचे प्रश्न बोलून सोडवू लागले. १९९२-९३ साली मुंबई पेटली असताना शेजारची भिवंडी शांत राहिली, हे त्या बैठकांचे फळ होते.

मात्र त्याच भिवंडीत ५ जुलै २००६ रोजी नव्या पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून दंगल उसळली. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मरण पावले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. विश्वास हा एकदा बांधून ठेवावयाचा पूल नाही. तो शेतीच्या बांधासारखा आहे. दर पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी केली नाही, तर पहिल्याच लोंढ्यात तो फुटतो.

आपण काय करावे

ग्रामस्थ बंधूंनो, गावात अफवा आली तर ती पुढे पाठविण्यापूर्वी पोलीस पाटलांस, कोतवालास किंवा ठाण्यास विचारा. जमाव जमू लागला तर आपल्या घरातील तरुणास आपणच हाताला धरून आत घ्या. ते काम पोलिसाला कधीच तितक्या सहजपणे साधणार नाही. घटना पाहिली असेल तर साक्ष देण्यास मागे राहू नका. साक्षीअभावी खरा अपराधी सुटतो आणि निरपराध शेजारी संशयात अडकतो.

अधिकारी मित्रांनो, आपले पथक वस्तीत जाण्यापूर्वी आपला शब्द तेथे पोहोचला पाहिजे. कोण येणार, कशासाठी येणार, कोणाला कोठे नेणार व केव्हा परत आणणार, हे लोकांच्या भाषेत आणि त्यांच्या विश्वासातील माणसाच्या तोंडून सांगा. ज्या ठिकाणी माहिती पोहोचत नाही, त्या ठिकाणी अफवा पोहोचते. ही जबाबदारी माझ्यासारख्या प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांची सर्वांत अधिक आहे आणि त्यात आम्ही कमी पडतो, हे मी येथे मान्य करतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत पोलिसाला केवळ ध्वजवंदनाच्या दिवशी बोलावू नका. मुलांना त्याला प्रश्न विचारू द्या. अवघड प्रश्नही विचारू द्या. ज्या मुलाने लहानपणी पोलिसाला निर्भयपणे प्रश्न विचारला, त्याला मोठेपणी दगड उचलावा लागणार नाही.

पोलीस बांधवांना एवढेच सांगावयाचे की, आपल्या हातातील काठीचा प्रत्येक अकारण प्रहार पुढच्या गल्लीत उभ्या असलेल्या आपल्याच सहकाऱ्याला धोक्यात टाकतो.

आज आपण स्मृतिस्तंभावर फुले वाहिली. ही फुले सुकतील. टाटपट्टी बाखलमधील ज्या रहिवाशांनी आपल्याच गल्लीत दगडांनंतर फुले उधळली, त्यांचे धैर्य मात्र आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत टिकावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.