खिडकीतून जमीन वाचताना



सैन्यात नकाशा वाचायला शिकवतात, तसंच हवाई छायाचित्रही. आकार, सावली, रंग आणि ठेवण यांवरून खाली काय आहे ते ओळखायचं. निवृत्तीनंतर बेंगळुरू-पुणे ये-जा वाढली आणि ती सवय विमानाच्या खिडकीत कामी आली.

आधी जागा. सकाळी पुण्याला निघालात तर डावीकडची, पंखाच्या पुढची खिडकी घ्या. ऊन पाठीशी राहतं. पंखामागे इंजिनाच्या गरम हवेनं चित्र थरथरतं. फोन काचेजवळ धरा, पण टेकवू नका. विमानाची कंपनं फोटोत उतरतात. गडद शर्ट घातलात तर काचेत तुमचंच प्रतिबिंब येत नाही.

आता खाली बघा. बेंगळुरूच्या आसपास तलावच तलाव. प्रत्येकाची एक कड सरळ, बाकीच्या वेड्यावाकड्या. सरळ कड म्हणजे माणसानं घातलेला बांध. बांध ज्या बाजूला, उतार त्या बाजूला. त्या उतारावर पुढे दुसरा तलाव. वरचा भरला की जादा पाणी खालच्यात जायचं. या जोडनाल्यांना इथे राजकालुवे म्हणतात.

शहरात ही साखळी जागोजागी तुटली आहे. मॅजेस्टिकचं बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर आहे. 2022 च्या सप्टेंबरमध्ये आयटी कंपन्यांचा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा अतिक्रमण झालेल्या राजकालुव्यांची चर्चा देशभर झाली. पाणी आपली वाट विसरत नाही, हे वरून लगेच समजतं.

पुढे जमीन बदलते. बेंगळुरूकडचे डोंगर ग्रॅनाइटचे, गोलसर, माती तांबडी. बेळगाव ओलांडलं की बेसॉल्ट सुरू होतो: सपाट माथे, कडेला पायऱ्या. लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्या या पायऱ्या. आपले बरेच गडकिल्ले याच माथ्यांवर आहेत.

एक गोष्ट फौजी म्हणून सांगतो. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा आहे. तिथे उतरताना आणि उड्डाण करताना फोन खिशात ठेवा. सूचना होते ती ऐका. धावपट्टीचा फोटो आपल्याला गंमत वाटते, पण शत्रूला ती माहिती असते.

फोटोवर तारीख आणि प्रवासाची दिशा लिहून ठेवा. एकच तलाव निवडा आणि दर प्रवासात तोच टिपा. बांध शोधा, मग पाणी कुठून येतं ते शोधा. चार-पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवलेत, की पाण्याच्या वाटेत काय उभं राहिलं ते दिसेल. आपल्या वॉर्डात प्रश्न विचारायला तेवढा पुरावा हाताशी असावा.

जय हिंद.