पेशी कुणाची, पेपर कुणाचा?

(चिकलठाणा येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या आरोग्यविषयक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘पेशी म्हणजे कोर्टाची का गं?’ असं एका ताईंनी मला आत येतानाच विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या मराठवाड्यात पेशी म्हणजे तारीख. पोटगीच्या दाव्यात वर्षानुवर्षं पेशीला जाणाऱ्या कितीतरी जणी इथं बसल्या आहेत. मी बोलणार आहे ती पेशी आपल्या शरीरातली. पण दोन्ही पेशींमध्ये एक साम्य आहे. दोन्हीकडे प्रकरण आपलं असतं, कागद दुसऱ्याच्या हातात असतो आणि त्यावर काय लिहिलंय ते आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही.

मी शास्त्रज्ञ नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. इथल्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायकांशी माझा रोजचा संबंध येतो. दिवसभर त्यांच्या हातांतून गोळ्यांच्या पट्ट्या जातात, पण त्या गोळीमागचं संशोधन हा आपला विषय आहे असं त्यांना वाटत नाही. आपल्या संघटनांनाही वाटत नाही. दारू, हुंडा, मारहाण, रेशन हे आपले विषय आणि संशोधन म्हणजे विद्यापीठातल्या लोकांचा विषय, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकली आहे. ती मोडावी म्हणून आज बोलते आहे.

सुरुवात एका बाईपासून करू. तिचं नाव हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली गरीब कृष्णवर्णीय बाई, तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात उपचारांच्या वेळी तिच्या गाठीचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला गेला. तिला विचारलं नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती वारली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती.

पण तिच्या पेशी मेल्या नाहीत. तोवर माणसाच्या पेशी शरीराबाहेर काही दिवसांतच मरायच्या. या मात्र वाढतच राहिल्या. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत मेरी कुबिचेक या सहायक बाईने त्या वाढवल्या. बाईच्या नावाची आणि आडनावाची पहिली दोन दोन अक्षरं घेऊन त्यांना ‘हेला’ म्हटलं गेलं. पोलिओची लस तपासायला या पेशी वापरल्या, त्यानंतर जगभरच्या असंख्य प्रयोगांत वापरल्या. १९५२ साली त्यांच्यावर एक त्रोटक टिपण छापून आलं. त्यावर कुबिचेक यांचं नाव तिसरं आहे. हेन्रिएटाचं नाव नाही. पुढे तर तिचं नाव ‘हेलन लेन’ असल्याचं छापलं गेलं. खरं नाव वैद्यकीय नियतकालिकात आलं १९७१ साली, आणि आपल्या आईच्या पेशी जगभर विकल्या जात आहेत हे मुलांना कळायला १९७३ साल उजाडलं. त्यांच्याकडे स्वतःच्या औषधपाण्याचा विमासुद्धा नव्हता.

आणि हे सगळं जुन्या काळातलं म्हणून सोडून देता येत नाही. २०१३ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा छापून सर्वांना खुला केला, पुन्हा कुटुंबाला न विचारता. जनुकं म्हणजे नुसती मेलेल्या बाईची गोष्ट नव्हे, तिच्या नातवंडांचीही खाजगी बाब. कुटुंबाने हरकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेला करार करावा लागला: ही माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातले दोघे बसतील आणि छापील लेखात कुटुंबाचे आभार मानले जातील. २०२३ साली या पेशींवर पैसा कमावणाऱ्या एका मोठ्या कंपनीने वारसांशी तडजोड केली. म्हणजे बाई गेल्यावर ७२ वर्षांनी.

आता आपल्या मातीकडे येऊ. त्याच जॉर्ज गे यांच्याकडे पेशी वाढवण्याचं तंत्र शिकायला एक मराठी बाई गेली होती. डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ सालचा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. लग्नानंतर मुंबईला आल्या, टाटा हॉस्पिटलमध्ये काम करता करता १९४९ साली पीएच.डी. झाल्या. अमेरिकेतून परत येऊन मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कॅन्सरवर, कुष्ठरोगावर काम केलं, दोनशेच्या वर शोधनिबंध लिहिले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण आपल्या दृष्टीने त्यांचं आणखी एक काम तेवढंच महत्त्वाचं आहे. १९७३ साली त्यांनी सहकारी बायकांना बरोबर घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने पुढे वाशीला काय उभं केलं? वसतिगृह, पाळणाघर, आरोग्य केंद्र. बाईला संशोधन करायचं असेल तर सूक्ष्मदर्शकाइतकीच पाळणाघराचीही गरज असते, हे त्या बायकांना स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होतं. निवृत्तीनंतर कमलताई अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात उतरल्या.

आज देशातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवणारी मोठी सरकारी संस्था पुण्यातच आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. आपल्या विद्यापीठातली एखादी मुलगी जेव्हा तिथून मागवलेल्या हेला पेशींवर काम करते, तेव्हा काचेच्या त्या बशीत एका गरीब बाईचं शरीर असतं. हे तिला तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आता मराठवाड्यातलीच गोष्ट सांगते. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. पैसा आला गेट्स फाउंडेशनकडून. ५२ गावगटांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. त्यांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. चौथ्या गटाची अभ्यासातर्फे तपासणी नाही; त्यांना माहिती आणि तपासणी कुठे करून घ्यावी याचा सल्ला.

एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. आठ वर्षांत विषाणू तपासणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ जणी. एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी दाखवून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत या गावांचा वाटा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ने २०१४ साली हा प्रश्न ऐरणीवर आणला. हा आणि असेच आणखी दोन अभ्यास मिळून १,३८,६२४ बायका तपासणीविना ठेवलेल्या गटांत होत्या आणि त्यातल्या २५४ जणी या कॅन्सरने गेल्या. पॅप तपासणीचा उपयोग जगाला माहीत असताना हे योग्य होतं का? संशोधकांचं म्हणणं असं, की तेव्हा भारतात सरकारी पातळीवर कुठलीच तपासणी होत नव्हती आणि तुलना केल्याशिवाय आपल्या परिस्थितीत काय उपयोगी ते कळलं नसतं. माझं मत विचाराल, तर हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. सरकार देत नाही ही सबब आपण रेशन दुकानदाराकडून ऐकून घेत नाही, मग संशोधनात का ऐकून घ्यावी? पण तुमचं मत वेगळं असू शकतं. महत्त्वाचं हे, की हा वाद इंग्रजी नियतकालिकांच्या पानांवर झाला. ज्यांच्या जिवावरचा होता, त्या गावांतल्या बचतगटांत आणि ग्रामसभांत तो व्हायला हवा. त्या बायकांना ३४ आणि ६४ हे दोन आकडे मराठीत सांगणं, हा संशोधनाचाच भाग समजला गेला पाहिजे.

आता ‘पेपर छापणं’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. संशोधक लेख लिहितात, नियतकालिकाकडे पाठवतात. त्याच विषयातले दुसरे जाणकार तो फुकट तपासून देतात. मग तो छापला जातो आणि वाचायचा तर विद्यापीठाला वर्गणी भरावी लागते. नाहीतर लेखकानेच शुल्क भरायचं, म्हणजे सर्वांना तो मोफत वाचता येतो. ‘नेचर’ने २०२० च्या शेवटी हे शुल्क एका लेखाला ९,५०० युरो जाहीर केलं. तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांच्या वर. आपल्याकडच्या कुठल्या कॉलेजातली प्राध्यापिका एवढे पैसे भरणार?

याच नडीवर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचा बाजार उभा राहिला. २००९ पासून पीएच.डी.साठी पेपर सक्तीचा होता, त्यामुळे मुलामुलींचा नाइलाज होता. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. आणि जानेवारी २०२५ पासून केंद्राची ‘एक देश, एक वर्गणी’ योजना सुरू झाली. तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगलं पाऊल आहे. पण ते सरकारी संस्थांपुरतं आहे. खाजगी कॉलेजातल्या मुलीला ते दार बंद, आणि वस्तीतल्या कार्यकर्तीला तर बंदच.

बायकांसाठी काही सोयी चळवळीच्या रेट्यामुळे झाल्या आहेत, त्या माहीत असू द्या. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला बाळंतपण व मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, शिवाय प्रबंधासाठी दोन वर्षं जादा मुदत. मुलाबाळांमुळे संशोधन सुटलेल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाने २००२-०३ पासून शिष्यवृत्त्या सुरू केल्या. आपल्या ओळखीत एम.एस्सी. होऊन घरी बसलेल्या सुना किती आहेत? त्यांच्यापर्यंत हे पोचवणं आपलं काम आहे. प्रयोगशाळेत मार्गदर्शकाच्या एका सहीवर मुलीचं भवितव्य लटकलेलं असतं, म्हणून छळ झाला तरी ती बोलत नाही. २०१५ च्या आयोगाच्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी, तिच्यात बाहेरची सदस्य हवी. ती खुर्ची कागदोपत्री भरलेली आहे की खरोखर, हे जाऊन पाहा.

आणि श्रेय. घरोघरी जाऊन बायकांना तपासणीला कोण आणतं? आशाताई, नर्सताई, कार्यकर्त्या. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांप्रमाणे नुसती माहिती गोळा करणाऱ्याला लेखक म्हणत नाहीत. लिखाणातही सहभाग लागतो. ठीक आहे, मग लिखाणात आम्हाला बसवा. बाई तपासणीला का आली नाही, हे त्या लेखात आशाताईइतकं नेमकं कोण लिहील?

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या कुणी आपल्या वस्तीत रक्त, लाळ किंवा गर्भाशयमुखाचा नमुना घ्यायला आलं, तर त्यांना हाकलू नका. संशोधन आपल्याला हवंच आहे. पण चार प्रश्न विचारा. संमतीपत्र मराठीत आहे का, आणि आम्ही नाही म्हटलं तर आमचे उपचार थांबणार का? नमुना पुढे कुठे जाणार, किती दिवस ठेवणार? आजार निघाला तर उपचार कोण करणार? निष्कर्ष आम्हाला कधी आणि कोणत्या भाषेत सांगणार? वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा याला आधार आहे. त्याच तत्त्वांप्रमाणे प्रत्येक नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक आणि एक सामाजिक क्षेत्रातली व्यक्ती असावी लागते. आपल्या शहरातल्या समित्यांवर या जागांवर कोण बसलंय, याची यादी आपण काढू या. आणि तिथं वस्तीतली बाई बसावी म्हणून अर्ज करू या.

लॅक्स कुटुंबाला समितीतल्या दोन जागा मिळायला ६२ वर्षं लागली. आपल्याला तेवढं थांबायचं नाही. जाताना दारापाशी कागद ठेवला आहे, यादीचं काम ज्यांना करायचंय त्यांनी आपलं नाव लिहा. पहिलं माझं लिहिलेलं आहे.

एवढं बोलून थांबते. आता प्रश्न विचारा.