पावसाळा कन्व्हर्ट होत नाही



वैमानिक आणि प्रशिक्षकांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. सकाळच्या पिठलं-भाकरीबद्दल त्याहून जास्त. गेल्या 10 वर्षांतल्या वैमानिक प्रशिक्षणाचा आढावा घ्या, असं मला सांगितलं होतं. टिपणं खिशात आहेत, ती तिथेच राहू देत. 30 वर्षं एक गोष्ट मनात खदखदते आहे, ती आज बोलून टाकतो.

मुळशीकरांना 'कन्व्हर्जन' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हिंजवडी, माण, सूस इथल्या जमिनी एन.ए., म्हणजे बिगरशेती झाल्या. त्या पैशांवर कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची मुलगी न्यूझीलंडला विमान शिकली. लेकरू कमर्शियल पायलट लायसन्स घेऊन घरी आलं, पेढे वाटले, आणि मग वडिलांना कळलं, की हेसुद्धा आता एन.ए. करून घ्यायचंय! भारतीय लायसन्ससाठी रेग्युलेशन्सचा पेपर, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राचा एकत्र पेपर, पासाला 70 टक्के, क्लास वन मेडिकल. शिवाय लायसन्स खरं असल्याचं परदेशातून पत्र. ते येईपर्यंत रोज इनबॉक्स उघडून बघायचा.

सकाळच्या चर्चेत तरुण मंडळी म्हणाली, 1944चा शिकागो करार आहे, मग पुन्हा परीक्षा कशाला? करार आहे, पण तो वाचा. अमेरिकेत नोंदलेलं विमान घेऊन हाच मुलगा मुंबईत उतरला, तर त्याचं अमेरिकन लायसन्स चालतं. विमानावर 'व्हीटी' अक्षरं आली, की भारताची मान्यता लागते. परदेशी कॅप्टनला त्यासाठी तात्पुरती परवानगी मिळते. आपल्या धंद्यात तिला 'फाटा' म्हणतात. आमच्या पोरांच्या वाट्याला मात्र पुण्यातला पौड फाटा! तिथे खोली घ्यायची आणि क्वेश्चन बँक घोकायची.

ज्येष्ठांचं म्हणणं, पेपर आणखी कडक करा. दोघांनाही माझं उत्तर एकच. ते मला एका जुलैत मिळालं.

ॲरिझोनात 200 तास उडून आलेला एक मुलगा. हवामानाच्या प्रश्नांत त्याला हरवणं कठीण. पावसाने उघडीप दिली, म्हणून आम्ही जुहूहून बारामतीकडे निघालो. खोपोलीच्या अलीकडे ढग खाली आले. मी म्हटलं, मागे फिरू. तो म्हणाला, ''सर, व्हिजिबिलिटी पाच किलोमीटर आहे. नियमात बसतं.'' नियमात बसत होतं, हे खरं. मी म्हटलं, ''बाळा, सहाव्या किलोमीटरला सह्याद्री उभा आहे.'' कंट्रोल्स मी घेतले. वळून मागे पाहिलं, तर ज्या फटीतून तो जाणार होता, ती बुजलेली. जुहूपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. त्याचा पेपर चुकला नव्हता. ॲरिझोनाच्या कोरड्या आकाशात हा ढग त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

जुन्या वैमानिकांना पावसाळा ठाऊक होता. जे.आर.डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातलं पहिलं लायसन्स मिळालं. 1932मध्ये त्यांनी कराची-मुंबई हवाई टपाल सुरू केलं. पावसाळ्यात जुहूच्या धावपट्टीचा चिखल व्हायचा, तेव्हा विमानं, वैमानिक, मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला यायचं आणि येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणं व्हायची. त्या माणसांनी पावसाळ्यापुढे वेळापत्रक वाकवलं. आपण पावसाळा चार पर्यायांत बसवला आहे: अ, ब, क, ड. योग्य त्यावर खूण करा.

म्हणून माझी मागणी: पेपर वाटल्यास निम्मे करा, पण परदेशातून शिकून आलेल्या प्रत्येकाला जून ते सप्टेंबरमध्ये जाणत्या प्रशिक्षकाशेजारी बसवून घाट दाखवा. मागे कधी फिरायचं, हे त्याला तिथे शिकू द्या. शक्य तिथे सिम्युलेटर वापरा, पण घाट चुकवू नका. खर्च कोणी करायचा, किती तास, विमा कोणाचा, हे प्रश्न रास्त आहेत. त्यासाठी एक समिती नेमू. पुण्यात हवामान खात्याची जाणती माणसं आहेत, त्यांनाही बोलावू. मसुदा कोणी लिहायचा, ते जेवताना ठरवू. मी लिहीन म्हणालो असतो, पण माझ्या मसुद्यांचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

मी उभा राहिलो, तेव्हा खिडकीतून धरणापलीकडचा डोंगर दिसत होता. आता दिसत नाही. ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाणाऱ्यांनी उद्या सकाळी निघावं.