बुडालेल्या जहाजातली चांदी कुणाची?

आज आमच्या गटाने घेतलेला विषय सातासमुद्रापलीकडचा आहे. पण त्यातलं भांडण ऐकलंत की ओळखीचं वाटेल, कारण ते वाटणीचं आहे.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथल्या कार्ताहेना बंदराजवळ ८ जून १७०८ रोजी स्पेनच्या राजाचं ‘सान होसे’ हे जहाज इंग्रज आरमाराशी झालेल्या लढाईत बुडालं. जहाजावर सुमारे ६०० माणसं होती. वाचली ती डझनभरसुद्धा नाहीत. पोटात सोनं, चांदी घेऊन ते तीनशे वर्षं तळाशी पडून राहिलं. २०१५ साली कोलंबियाच्या सरकारने जाहीर केलं, जहाज सापडलं. मालाची किंमत अब्जावधी डॉलर सांगतात. मग काय, वारस गोळा झाले!

कोलंबिया म्हणतं, समुद्र आमचा, म्हणून ठेवा आमचा. स्पेन म्हणतं, ते आमचं लढाऊ जहाज, बुडालं तरी आमचंच, आणि तिथे आमच्या खलाशांची कबर आहे. एक अमेरिकी कंपनी म्हणते, जागा आम्ही १९८१ सालीच शोधली होती, आमचा वाटा द्या. तिघांकडेही कागद आहेत, वकील आहेत.

चौथे दावेदार आहेत बोलिव्हिया देशातले खारा खारा नावाचे आदिवासी. ते म्हणतात, ही चांदी आमच्या पूर्वजांकडून जबरदस्तीने खणून घेतली. आम्हालाही विचारा.

हे ऐकून आम्ही थबकलो. बोलिव्हियात पोतोसी नावाचं गाव आहे, चार हजार मीटरच्या उंचीवर. १५४५ साली तिथल्या डोंगरात चांदी सापडली. पुढे स्पेनच्या अधिकाऱ्यांनी नियम केला की ठरवून दिलेल्या मुलखातून दर सात पुरुषांमागे एकाने वर्षभर खाणीवर जायचं. आपल्याकडे याला वेठ म्हणायचे. मजुरी तुटपुंजी. माणसं बायकामुलांना घेऊन, लामांच्या पाठीवर शिधा लादून दूरदूरच्या गावांहून चालत यायची. बायका बाजारात बसून खाणं विकायच्या, खनिजसुद्धा विकायच्या, त्यावर घर चालायचं. दगड कुटून त्यात पारा घालायचा आणि ते मिश्रण पायांनी तुडवायचं. पारा म्हणजे विषच. कितीतरी जण परत गावी गेलेच नाहीत. ही वेठ अडीचशे वर्षांच्या आसपास चालली. तिथली चांदी नाणी होऊन अशा जहाजांतून स्पेनला जायची.

आता यांच्याकडे कागद कुठून येणार? निंदणी, खुरपणी, कापणी आपण करायची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

कायदा कागदाकडे बघतो. ‘मर्सेदेस’ नावाचं स्पेनचं दुसरं जहाज १८०४ साली पोर्तुगालजवळ बुडालं होतं. २००७ मध्ये एका अमेरिकी कंपनीने त्यातली सुमारे ५ लाख ९४ हजार नाणी वर काढली. अमेरिकेच्या कोर्टाने ती स्पेनला द्यायला लावली आणि २०१२ साली ती विमानाने स्पेनला गेली. पेरू देशानेही दावा केला होता की चांदी आमच्या मातीतली आहे. तो मान्य झाला नाही.

आपल्याकडेही जमिनीत गुप्तधन सापडलं तर १८७८ चा कायदा लागतो, कलेक्टरला कळवावं लागतं. (हंडा सापडला तर लपवू नका बरं का, तो गुन्हा आहे!) तो कायदाही पुरलं कुणी, सापडलं कुणाला, जमीन कुणाची, हे विचारतो. ते सोनं मुळात कुणाच्या घामाचं, हा प्रश्न त्यात नाही.

आमच्यात एकमत झालं नाही. काही जणी म्हणाल्या, विकून टाका आणि पोतोसीत दवाखाने, शाळा बांधा. दुसऱ्या म्हणाल्या, सहाशे माणसांच्या थडग्यातला माल विकायचा कसा? कोलंबियाचं सरकारही म्हणतं की माल विकणार नाही, अभ्यासासाठी आणि संग्रहालयासाठी ठेवणार. हे आम्हाला बरं वाटलं. पण एका गोष्टीवर सगळ्या ठाम होत्या. जागा शोधली म्हणून कंपनी वाटा मागू शकते, तर डोंगराच्या पोटात शिरून चांदी खणणाऱ्यांच्या वारसांनी का मागू नये?

२०२५ च्या नोव्हेंबरात जहाजातली एक तोफ, एक चिनी मातीचा पेला आणि तीन नाणी वर काढली. बाकी सगळं अजून खालीच आहे. ते काढायची वेळ येईल तेव्हा खारा खारांना आधी निरोप जावा, आणि वर आलेल्या मालाचा पंचनामा होईल तेव्हा पंच म्हणून त्यांच्या बायाही तिथे बसलेल्या असाव्यात, असं आमच्या गटाचं म्हणणं आहे.